दुर्बिणीआधीची खिचडी

दुर्बिणीने आतडं तपासायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी मी पेशंटला दोन वेळा साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली, वर दाण्याचं कूट पेरून. आता हे मी नातवंडांना हसत सांगते. तेव्हा तोंड लपवायला जागा सापडेना.

पेशंट म्हणजे आमचे शेजारी निवृत्तीमामा. सोलापुरात गिरणीतून रिटायर झालेले, बायको जाऊन बारा वर्षं, मूलबाळ नाही. माणूस भेटला की रामराम नाही, कसं काय नाही, थेट "पोट साफ झालं का?" पोस्टमनला हेच, शेजारची मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही हेच. उत्तर अर्धवट आलं की इलाज तयार: "गरम पाणी प्या आन् सात रस्त्यापातुर चालून या की." मी नवी सून, तर मला हा प्रश्न सासऱ्यांदेखत विचारला. आठ दिवस मी त्यांच्या दारावरून गेले नाही.

मग एकदा मी सूड उगवला. "मामा, जगाचं विचारता, तुमचं काय?"

मामा खाली बघायला लागले. "रगत पडतंय सूनबाई. दिवाळीपासनं."

तेव्हा होळी तोंडावर आली होती.

ह्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे पुण्याचे एक डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा दुर्बीण घेऊन येत. तयारीची चिठ्ठी माझ्याकडे आली, कारण चाळीत मॅट्रिक पास सून मी एकटी, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. दोन दिवस पेज, डाळीचं गाळलेलं पाणी, बिनदुधाचा चहा. आदल्या संध्याकाळी एरंडेल. सकाळी एनिमा. बाकी काही खायचं नाही.

नेमकी आदल्या दिवशी एकादशी. आमच्या घरात फराळ हा खाण्यात धरतच नसत. सासूबाई दोन ताटल्या खिचडी संपवून "आज पोटात काही नाही गं" म्हणायच्या आणि ते आम्हा सगळ्यांना पटायचं. मामांचा चेहरा पेजेवर एवढासा झालेला. मॅट्रिक पास डोक्याने ठरवलं, खिचडीला काय हरकत? दुपारी दिली. एरंडेलाने संडासच्या फेऱ्या सुरू झाल्यावर अशक्तपणा नको म्हणून पुन्हा दिली. जगाच्या पोटांचे जाणकार मामा मुकाट्याने खात होते.

डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि काढली. "नुसतं दाण्याचं कूट दिसतंय. कुणी दिलं?"

मी पदर तोंडाशी नेला. मामा म्हणाले, "म्याच खाल्लं सायेब, चोरून. ह्या पोरीला म्हाईत बी न्हाय."

पुढची तारीख पंधरा दिवसांनी.

दुसऱ्या खेपेला मी पेज स्वतः गाळली, दोनदा. तपासणी झाली. नंतर तासभर निजवून ठेवलं होतं. आत हवा भरलेली, पोट फुगून कळा येत होत्या. नर्स म्हणाली, "बाबा, वारा सरू द्या, लाजू नका." मामा पडद्याकडे तोंड करून पडले, नव्या नवरीसारखे. थोडं रक्त दिसेल, घाबरू नका, आज मऊ भात द्या, असं तिने मला सांगितलं. तेवढ्यात डॉक्टरांनी ह्यांना बाजूला नेलं.

गाठ होती. पसरलेली. मी डॉक्टरांना विचारलं, पंधरा दिवस आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, "बाई, उशीर त्याच्या कितीतरी आधी झालाय." मला काही ते खरं वाटेना.

ह्यांनी मामांपासून काही लपवलं नाही. संध्याकाळी मी मऊ भात घेऊन गेले, ताट ठेवलं आणि रडायलाच लागले. "मामा, माझ्या शहाणपणापायी तुमचे पंधरा दिवस गेले."

मामांनी भातावर फुंकर घातली, एक घास खाल्ला, आणि म्हणाले, "गेले कुटं? त्या पंदरा दिसांत मी हिच्या म्हायेराला जाऊन आलो की, बारा वर्सांनी. आदीच कळलं असतं, तर जाऊ दिलं असतंस व्हय मला?"