बाळंतपणाच्या हौदाची निवड समिती

काटेवाडीच्या मानसिंगरावांची सून श्रेया हिने आपले पहिले बाळंतपण घरीच, कोमट पाण्याच्या हौदात करायचे ठरवले. बारामतीच्या डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या करून संमती दिली. सुप्रिया नावाची शिकलेली सुईण ठरली. गरज पडलीच तर दवाखान्यात न्यायला गाडी दारात उभी राहणार होती. राहता राहिला हौद. तोही श्रेयाने बघून ठेवला होता. हवा भरून फुगवायचा, मऊ काठाचा, पुण्याहून भाड्याने मिळणारा. कळ आली की काठ घट्ट धरता यावा, दमले की त्यावर डोके टेकता यावे, एवढीच तिची अपेक्षा होती. म्हणजे सगळा प्रश्न एका फोनवर सुटत होता. घरातले प्रश्न असे परस्पर सुटू लागले तर घरातल्या पुरुषांनी करायचे काय, म्हणून मानसिंगरावांनी समिती नेमली.

मी मानसिंगरावांचा चुलतभाऊ, आणि दूध संस्थेचा निवृत्त सचिव. त्यामुळे या समितीचे सचिवपद माझ्याकडे न मागता आले. अध्यक्ष स्वतः मानसिंगराव, सदस्य श्रेयाचा नवरा यशराज. समितीत एकाही बाईला घेतले नाही, कारण बायकांचा बाळंतपणाशी थेट संबंध येतो आणि अशा व्यक्ती निःपक्षपातीपणे विचार करू शकत नाहीत. श्रेयाची नोंद आम्ही ‘लाभार्थी’ अशी केली. लाभार्थीने बैठकीत बसू नये, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे.

पहिल्याच बैठकीत मानसिंगरावांच्या पत्नी, नकोशीवहिनी, चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “तिला एकदा इचारा की, तिला कसला हौद पायजे त्ये.”

चहा घेण्यात आला. सूचना विचाराधीन ठेवण्यात आली.

श्रेयाने सुचवलेला हौद समितीने तातडीने फेटाळला. “नुसत्या हवंवर उभी राहनारी वस्तू आपल्या घरात न्हाय चालायची,” मानसिंगराव म्हणाले. वास्तविक त्यांचे राजकारण तीस वर्षे त्याच पद्धतीने उभे आहे, पण अध्यक्षांना असे काही बोलायचे नसते.

मग पाहणी दौरे सुरू झाले. गोठ्यातला जनावरांना पाणी पाजायचा हौद पाहिला. मजबूत होता, पण तिथून म्हशींना हलवणे राजकीयदृष्ट्या अवघड होते. शेततळ्याला अंथरायचा प्लास्टिकचा कागदही पाहिला. पिंपळीच्या गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी काहील मात्र सर्वांना पसंत पडली, कारण पाणी गरम करायला खाली चुलाण तयारच होते. प्रात्यक्षिक म्हणून मानसिंगराव बनियन-टॉवेलवर आत उतरले आणि आम्ही खाली जाळ घातला. थोड्याच वेळात ते असे काही ओरडत बाहेर आले की गुऱ्हाळावरची माणसे पळत आली. घरी आल्यावर पाठीला मलम लावून घेताना ते गंभीरपणे म्हणाले, “बायका लईच बोभाटा करत्यात. येवढं काय न्हाय त्यात.” अध्यक्षांनी वेदना प्रत्यक्ष अनुभवल्या असून त्या सोसण्याजोग्या आहेत, असे मी इतिवृत्तात लिहिले.

शेवटी गच्चीवरची पाण्याची काळी टाकी मधोमध कापून तिचा खालचा अर्धा भाग मुक्रर झाला. कापलेल्या काठाने हात चिरत होता. पण काठ धरायचा प्रश्न लाभार्थीचा होता, समितीचा नव्हे.

सगळे सुरळीत चालले असताना इंदापूर तालुक्यातल्या डाळजहून श्रेयाचे वडील दत्तोबा आले. सोबत श्रेयाची आई कुशाबाई. कुशाबाई सरळ लेकीच्या खोलीत गेल्या. दत्तोबा बैठकीत बसले.

“पाव्हणं, पयलं बाळतपण माह्यारी,” ते म्हणाले. “हौद डाळजला जाणार आन् त्यात उजनीचं पाणी पडणार.”

“आमच्या घरचा वारस आमच्या कालव्याच्या पाण्यातच जन्मणार,” मानसिंगरावांनी ठणकावले.

“जलमभर कालव्याचं पाणी तुमीच वरच्या वर उचललं. शेवटाला आमच्या तालुक्यात काय यायचं, तर गाळ! आता नातवात तरी आमचा वाटा सोडा की.”

“वारस कुनाचा?”

“आन् धरणात जमिनी कुनाच्या गेल्या? आमी धरणग्रस्त हाओत, पाव्हणं. धरणग्रस्ताच्या नातवाला धरणाचं पाणी न्हाय तर कुनाला?”

हा मुद्दा बिनतोड होता. एका पोटातल्या बाळावरून दोन तालुके पेटतात की काय, अशी परिस्थिती आली. तेव्हा मी सचिव या नात्याने तोडगा मांडला: टाकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवावी आणि ट्रॉली बारामती-इंदापूरच्या शिवेवर उभी करावी. अर्धे पाणी कालव्याचे, अर्धे उजनीचे. लाभार्थीला कळा सुरू झाल्या की जीपमधून तिथे आणावे. म्हणजे बाळंतपण ना माहेरी ना सासरी, आणि कुणावरच अन्याय नाही. दोन्ही व्याह्यांनी उठून एकमेकांना मिठी मारली. आतल्या खोलीतून श्रेया म्हणाली, “म्हणजे मी हमरस्त्यावर बाळंत होऊ का?” तिचा आवाज रडवेला होता आणि मला क्षणभर वाईटही वाटले. पण विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

यशराज तेवढा उठून आत गेला. परत आला तेव्हा त्याची मान खाली होती. त्यानंतरच्या एकाही ठरावावर त्याने हात वर केला नाही. मी तो तटस्थ असल्याची नोंद केली.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. शिवेवर मांडव पडला. फ्लेक्सवर दोन्ही आजोबा, मी आणि तालुक्यातले सगळे शुभेच्छुक होते. श्रेयाच्या फोटोला जागा उरली नाही. दत्तोबांच्या टँकरमधून उजनीच्या पाण्याबरोबर एक जिवंत चिलापी मासोळीही टाकीत पडली. ती उजनीची असल्यामुळे बाहेर काढायला दत्तोबांनी सक्त विरोध केला. कालव्याला पाण्याचे आवर्तन सुटले नव्हते, म्हणून मानसिंगरावांनी आपल्या शेततळ्यातले पाणी आणून ओतले. दोन्हीकडचे पाणी एकत्र झाल्यावर जो वास सुटला, त्याला उपस्थितांनी टाळ्यांच्या गजरात ऐक्याचा सुगंध म्हटले.

प्रमुख पाहुणे अजून यायचे होते, तेवढ्यात यशराजचा फोन वाजला. तो त्याने गडबडीत स्पीकरवर घेतला.

“कळा सुरू झाल्यात,” श्रेया धापा टाकत म्हणाली. “सुप्रियाताई आल्यात. हौद भरलाय. तू येतोयस का?”

“कुठला हौद?” आम्ही सगळे एकदम ओरडलो.

“मी बघितलेला. आईंनी आणि माझ्या आईनं मागवला. सकाळपासून पंप मारत होत्या दोघी.”

मानसिंगराव फोनवर झुकले. “पोरी, पाव्हणं इंदापूर सोडून निगाल्यात. फीत कापायची हाय अजून. कळास्नी जरा दम धरायला सांग.”

पलीकडून फक्त एक लांब कण्हणे ऐकू आले. यशराजने हातातली कात्री माझ्या हातात दिली आणि मोटारसायकलला किक मारली. “आरं, सदस्यानं असं सभा सोडून जायाचं नसतंय!” मी मागून ओरडलो. त्याने वळूनही पाहिले नाही.

आम्ही थांबलो. पाहुणे आले, फीत कापली, भाषणे झाली. माझा जीव मात्र काटेवाडीकडे लागला होता, हे मान्य करतो. शेवटी राहवेना, म्हणून मी घरी फोन लावला, तोही स्पीकरवर. नकोशीवहिनींनी उचलला.

“भाऊजी, मोकळी झाली ओ श्रेया.”

मांडवातून एकच कल्लोळ उठला. दोन्ही व्याही, पाहुणे, मांडववाला, ट्रॅक्टरवाला, सगळ्यांनी माझ्या फोनला तोंड लावून विचारले, “मुलगा का मुलगी?”



“श्रेया बरी हाय,” वहिनी म्हणाल्या. “त्ये कुनी इचारलं न्हाय, म्हनून म्याच सांगती.” आणि त्यांनी फोन ठेवला. नंतर कितीदा लावला, पण त्यांनी उचलला नाही.

आम्ही अजून शिवेवरच आहोत. मुलगा की मुलगी, यावर टाकीभोवती जोरात चर्चा चालू आहे. वाचकहो, तुमच्याही तोंडी आता तोच प्रश्न आला असेल, तर संकोच करू नका, इकडे या. समितीत यशराजची जागा रिकामी आहे.