किसनभाऊजींचे आजारी शेअर

शेजारच्या किसनभाऊजींचा एखादा शेअर पडला की त्या दिवशी ते भाकरी खात नसत. नुसतं ताक पीत. सुतक आल्यासारखं तोंड करून टीव्हीसमोर बसत आणि कोणी आलं की म्हणत, "हळू बोला, त्याला बरं न्हाई."

घोटावड्याच्या रस्त्याकडेची त्यांची जमीन कारखान्याला गेली. मग जनावरं विकली, गोठा मोकळा झाला. त्यांच्या पोराने, विलासने, आलेले पैसे शेअरमध्ये घालून दिले आणि तो बावधनला फ्लॅटमध्ये राहायला गेला. बायको आधीच गेलेली. घरात भाऊजी आणि टीव्ही.

जन्मभर बैलांची खरेदी-विक्री केलेला माणूस. शेअरलाही त्यांनी तोच कायदा लावला. एखादा जरा वर चढला की घाईघाईने विकून टाकायचा. "चांगलं गिऱ्हाईक आलं की जनावर सोडावं वहिनी, न्हाईतर दिष्ट लागती." आणि पडलेला काही केल्या विकायचा नाही. "आजारी जनावर कुनी बाजारात नेतं का? लोक काय म्हनतील?"

असं करता करता धडधाकट होते ते सगळे गेले आणि दावणीला नुसते आजारी उरले. मला शेअरमधलं काही कळत नाही, पण एवढं दिसत होतं. मी तोंडावर विचारलं, "भाऊजी, ह्यो धंदा हाय का दवाखाना?"

बरेच दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

मग मंदी आली. आजारी होते ते मरायला टेकले. विलास धावत आला. "अण्णा, आजच्या आज सगळं विका. हाय तेवढं तरी हातात येईल. उद्या औषधपाण्याला काय करणार?"

"न्हाई," भाऊजी म्हणाले. विलास ओरडला. त्याचं बरोबर होतं, म्हणून मीही ओरडले. शेवटी त्यांनी बावधनच्या शेअरवाल्याच्या ऑफिसात फोन लावला.

"ताई, समदं इकून टाका. फकस्त एक ठिवा."

"एक कंपनी?" विलासने विचारलं.

"न्हाई. एक शेअर."

विलासने कपाळावर हात मारला आणि गाडी काढून निघून गेला.

"एका शेअरचं काय लोणचं घालायचंय?" मी म्हणाले.

भाऊजींनी आधी विलास गेल्याची खात्री केली. "त्या हापिसातली पोरगी रोज भाव सांगाया फोन करती. सोलापूरकडची हाय. हितं खोली घेऊन एकटीच ऱ्हाती. समदंच इकलं, तर ती कशापायी करंल?"

मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीभर कालवण द्यायला गेले, तेव्हा बाजार उघडला होता. फोन वाजला. भाऊजींनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, मग उचलला. पोरगी भाव सांगत असावी. यांनी तिला मध्येच थांबवलं.

"ते ऱ्हाऊ दे, ताई. आईला फोन केलास का?"