फाट्यावरचा लोखंडी हात

रस्त्याच्या जुन्या पाट्यांमधलं कळणारी माणसं अख्ख्या सौसर तहसिलीत दोनच. एक मी आणि दुसरे सुखदेव मास्तर. त्यातही मास्तरांना रंगातलं कळते, बाकीचं सगळं मलाच. ही बढाई नाही. तिसरा कोणी असता तर त्याचंही नाव सांगितलं असतं.

तुम्ही म्हणाल, पाटीत कळण्यासारखं काय आहे? इथंच तर लोकांचं चुकते. पाटी सगळे वाचतात, पाहत कोणी नाही. रामाकोन्याजवळ छोट्या रेल्वेच्या फाटकाआधी एक पाटी होती. तिच्यावरच्या इंजिनाचं धुराडं इंजिनापेक्षा मोठं! पेंटरनं जन्मात इंजिन पाहिलं नसेल, नुसता धूर पाहून काढलं असेल. लोधीखेड्याच्या वाटेवर ‘पुढे शाळा आहे’ अशी एक पाटी होती, तिच्यावरचा पळणारा पोरगा चक्क धोतर नेसलेला. शाळा कधीचीच दुसरीकडे गेली, पोरगा बिचारा अजून पळूनच राहिला होता. अशा पाटीसमोर आम्ही दोघं उन्हातान्हात उभे राहत असू.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी तहसिलीत बाबू, मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवत. रविवार आला की सायकली काढायच्या, भाकरी बांधून घ्यायची आणि निघायचं. टेप लावून पाटी मोजताना दिसलो की संत्र्याच्या बागवाल्यांना वाटे, सरकार रस्ता रुंद करून राहिलं, आता आपली बाग जाते. ते धावत येत, झाडाखाली बसवत, संत्री सोलून देत आणि रस्ता शेजाऱ्याच्या बागेतून न्या म्हणत. आम्ही संत्री खाऊन पुढच्या पाटीकडे जात असू.

माझ्या बायकोला, वत्सलेला, यातलं काही पसंत नव्हतं. लोकांचे नवरे रविवारी दळण आणतात, असं तिचं म्हणणं होतं. मास्तरांना तर ती उंटावरचा शहाणा म्हणे. मास्तर समोर असतानाही म्हणे.

तर आमच्या सगळ्या पाट्यांची राणी होती सौसरच्या अलीकडे, पांढुर्ण्याहून येणाऱ्या रस्त्यावरच्या फाट्यावर. तिथे लोखंडी खांबावर एक ओतीव हात होता. बोट पुढे केलेला, मनगटाला सदऱ्याची बाही, बाहीला गुंडी. खाली जुन्या वळणाच्या अक्षरांत ‘सौसर’. इंग्रजांच्या वेळचं काम! पण गंजून पार भाजल्या वांग्यासारखा झाला होता आणि कोणीतरी तारेनं बांधून ठेवला होता. मास्तर म्हणाले, हे पाहवत नाही.

रस्त्याच्या गँगचा मेट, म्हणजे मुकादम, भिवाजी ओळखीचा होता. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, काय करायचं ते करा, फक्त माझं नाव घेऊ नका. आम्ही हात घरी आणला. वाळू आणि घासलेट लावून घासला. मास्तरांनी हात पांढरा रंगवला, बाही काळी आणि गुंडी सोनेरी. वत्सलेनं पाहिलं आणि म्हणाली, घराच्या दाराला दोन वर्षांपासून रंग नाही. मी ऐकून घेतलं.

हात परत लावायला गेलो तेव्हा खरी गोष्ट उघडकीला आली. खांबावर बोल्टाची जुनी भोकं होती, आणि ती भोकं सांगत होती की हात मुळात दुसऱ्या बाजूला होता. म्हणजे जुन्या रस्त्याकडे. पूर्वी सौसरला जुनाच रस्ता जायचा, बागांमधून, नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या फरशीच्या पुलावरून. पुरात रपटा वाहून गेला, नवा रस्ता झाला आणि कोण्या भैताडानं हात उपटून तारेनं नव्या रस्त्याकडे बांधला. मास्तर जरा कचरले.

“मनोहरभाऊ, पण आता रस्ता तं इकडून जाते ना जी.”

“मास्तर, रस्ता रोज बदलन. मूळ ते मूळ.”

हे मी असं काही म्हणालो की मास्तरांनी पाना उचलला. आम्ही हात मूळ भोकांत बोल्टांनी घट्ट बसवला. कोणी वाट चुकेल ही भीती नव्हती. बसवाल्यांना रस्ता पाठ, बैलगाडीवाल्यांच्या बैलांनाही पाठ. पाटी पाहून वळणारा माणूस त्या रस्त्यावर आम्ही आजवर पाहिलाच नव्हता.

आता घरचं सांगतो. वत्सलेची धाकटी बहीण विजया आमच्याकडेच राहत होती, लोधीखेड्याच्या शाळेत शिकवत होती. पोरगी हुशार, बोलायला खणखणीत. पण दोन ठिकाणचे लोक तिला पाहून गेले, पोहे खाऊन गेले आणि नंतर कळवलं की पोरगी रंगानं सावळी आहे. वत्सलेच्या जिवाला त्याचा फार घोर. आईबाप नाहीत, बहिणीचं सगळं हिनंच करायचं. ती रात्री उठून बसायची. मलाही वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात केशवरावांनी स्थळ आणलं. केशवराव आमच्या समाजातले वडीलधारे, निम्म्या तहसिलीच्या सोयरिकी त्यांनीच जुळवलेल्या. स्थळ आमल्याचं. वडील दादाराव रेल्वेतून रिटायर, पोरगा यशवंत रेल्वेतच पार्सल बाबू. रंगाबिंगाचं आम्हाला काही नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. वत्सला मला म्हणाली, हे हातचं गेलं तं मी कोणाले तोंड दाखवणार नाही. रविवारचा दिवस ठरला. त्या रविवारी सायकलला हात लावाल तर याद राखा, हेही तिनं सांगितलं.

रविवारी सकाळपासून घर कसं लखलख करून ठेवलं. बाबासाहेबांच्या फोटोला नवा हार, खाटेवर नवी चादर, पोह्यांचा कांदा चिरून तयार. मास्तरांनाही बोलावलं होतं, म्हणजे त्यांना बोलावणं नव्हतं, ते आले. केशवराव कोपऱ्यात चहा पिऊन राहिले होते. पाव्हणे जीप करून यायचे होते, आणि यायची वेळ टळून गेली होती. वत्सला दारात जाऊन परत येई.

“काका, त्याहीले रस्ता तं सापडन ना?” तिनं विचारलं.

“काहून नाही सापडन? डायवर नवा हाय, पण मी पंधरवड्यापहिलेच सांगून ठेवलं. फाट्यावर लोखंडाचा हात हाय, हात दाखवन तिकडे वळा म्हटलं.”

माझा चहा कपातच राहिला. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पंख्याकडे पाहून राहिले होते, आणि पंखा बंद होता. दळणाचं काहीतरी पुटपुटत मी उठलो. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच दळणाला स्वतःहून निघालो, त्यामुळे वत्सलेला तिथेच संशय आला असणार.

मी आणि मास्तर जुन्या रस्त्यानं सायकली हाणत नाल्यापाशी पोचलो. जीप रपट्याच्या पलीकडे वाळूत रुतलेली. पण पाव्हणे जीपमध्ये नव्हते. बाजूच्या बागेत ही गर्दी! जुन्या रस्त्यावर कित्येक वर्षांत जीप आली नव्हती. जीप आली म्हणजे सरकार आलं, सरकार आलं म्हणजे रपटा होणार, असा नाल्याकाठच्या गावानं सरळ हिशेब केला होता. दादारावांच्या गळ्यात झेंडूचा हार होता. त्यांना खाटेवर बसवलं होतं आणि म्हातारे एकेक करून गाऱ्हाणं सांगत होते. दादाराव आधी म्हणाले की बाबांनो, मी कोणी नाही. लोक म्हणाले, सगळे साहेब असंच म्हणतात. शेवटी सुटका होईना म्हणून त्यांनी रपटा मंजूर केला.

मग जेवणं झाली. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, वरून तूप. यशवंतची आई शांताबाई ‘आम्हाले पोहे खायले जायचं हाय’ असं सांगत राहिल्या, पण रपटा मंजूर करणाऱ्याला उपाशी कोण सोडते? जीप सगळ्या गावानं उचलून बाहेर काढली. आम्ही वाट दाखवायला पुढे सायकलवर निघालो. आम्ही इथे कसे आलो हे कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

घरी पोचलो तेव्हा पोहे थंड होऊन दगड झाले होते. जय भीम झालं, पाणी झालं. दादारावांच्या गळ्यात हार तसाच होता, काढायचं भान नव्हतं. चेहरा असा की सोयरीक गेलीच समजा. वत्सलेचे डोळे भरून आले होते. दादारावांनी पहिलाच प्रश्न केला.

“तो हात कोणं लावला, मले फक्त तेवढं सांगा.”

वत्सला माझ्याकडे पाहून राहिली होती. मास्तरांना अचानक खोकला लागला. तेवढ्यात नवरदेव यशवंत बोलला.

“बाबा, हात बरोबर हाय. मी फाट्यावर उतरून पाहिला. जुन्या बोल्टाच्या भोकातच बसवला हाय. ज्यानं बसवला तो जाणकार असला पाहिजे.”

काय सांगू तुम्हाला! मी उठून त्याला जवळच घेतलं. पोरगा आमच्यातलाच निघाला. रेल्वेचे जुने सिग्नल, स्टेशनांच्या जुन्या पाट्या, सगळं पाहत फिरायचा. डायव्हर म्हणत होता की नवा रस्ता चांगला दिसते, पण यानंच सांगितलं की हाताचा मान राखा, हात दाखवते तिकडे घे. मग काय, आम्ही तिघं जे सुरू झालो! धुराड्याची पाटी सांगितली, धोतरवाला पोरगा सांगितला. त्यानं गुंडीच्या सोनेरी रंगाचं कौतुक केलं तेव्हा मास्तरांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. लग्न झालं की तिघं मिळून रविवारी कुठे कुठे जायचं, तेही ठरून गेलं.

पोराची कळी खुललेली पाहून दादारावही निवळले. शांताबाईंनी विजयाला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, आम्हाले पोरगी पसंत हाय. केशवरावांनी लगेच साखर मागवली. वत्सलेचा चेहरा उजळला. त्या क्षणी ती माझ्याकडे पाहून जशी हसली, तसं हसू मला लग्नानंतर कितीतरी दिवसांनी दिसलं.

विजया उठली आणि आत गेली. केशवराव म्हणाले, लाजली. वत्सला मागोमाग गेली. आतून बोलणं ऐकू येत होतं. आधी वत्सलेचा आवाज चढलेला, मग विजयाचा शांत आवाज बराच वेळ. साखरेची वाटी हातात धरून केशवराव ताटकळले.

वत्सला बाहेर आली ती डोळे पुसत, पण रागावलेली नव्हती. शांताबाईंसमोर हात जोडून उभी राहिली.

“बाई, तुमचं घर चांगलं हाय, पोरगा निर्व्यसनी हाय. पण आमची पोरगी नाही म्हणते. मी तिले समजवाले गेली, तं तिनं मलेच विचारलं, ताई, तुले भाऊजीचं पहिलेच माहीत असतं तं तू हो म्हणली असती का? मी खोटं बोलू शकली नाही.”

केशवराव म्हणाले, अशी गोष्ट असते का, पोरगी लहान आहे, तिला काय कळते. दादारावही काही बोलणार होते. पण शांताबाईंनी हात वर केला. त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं. मग मास्तरांकडे. मग आपल्या पोराकडे, जो अजून मास्तरांना सिग्नलचं चित्र काढून दाखवून राहिला होता.

“पोरीचं बरोबर हाय, बाई,” त्या म्हणाल्या. “मीही पोरगी दिली नसती.”