शुभ्र इंदिरा

झाडं लावायला फार अक्कल लागते, हा आमच्या घरात मुद्दाम पसरवलेला गैरसमज आहे. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत मी असे एकेक साहेब सांभाळलेत, की त्यांच्यापुढे बोगनवेलीचे काटे परवडले. तरीही नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या बागेत मला काडीची किंमत नव्हती. बाग इंदिरेची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची. मोगरा, अनंत, सोनचाफा सगळे तिच्या ऐकण्यातले. मी पाइप धरून उभा राहायचो आणि "मुळाशी घाला, डोक्यावर नको" एवढं ऐकून घ्यायचो.

त्यातही तिचा खरा जीव मे फ्लॉवरच्या बारा कंदांत. सटाण्याला माहेरी तिच्या आईच्या अंगणातून आणलेले. वर्षभर कुंडीत फुलाचा पत्ता नसतो, आणि ऐन मे महिन्यात मातीतून एक दांडा वर येऊन त्यावर लालभडक चेंडू फुलतो. थंडीत ती हे कंद उकरून जाळीच्या पिशवीत ठेवते आणि नंतर पुन्हा लावते. आई गेल्यापासून तर त्या पिशवीकडे मी नुसतं बघितलं तरी ती विचारते, काय हवंय.

डिसेंबरात आमच्या लेकीच्या, सृष्टीच्या बाळंतपणासाठी इंदिरा चार महिने बेंगळुरूला निघाली. जाताना म्हणाली, "कंद मंगलाबाई लावतील. तुम्ही हात लावू नका."

मंगलाबाई आमच्याकडे स्वयंपाक करतात. म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या बाईंवर विश्वास, आणि छत्तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यावर नाही. मला हे फार लागलं. मी ठरवलं, ती परत आली की मे महिन्यात कंद असे फुलवून दाखवायचे, की बाग तिने आपणहून माझ्या हवाली केली पाहिजे.

मंगलाबाईंच्या सुट्टीचा दिवस गाठला. बाल्कनीत दोन सारख्याच लाल जाळीच्या पिशव्या लटकत होत्या. एकीतल्या गड्ड्यांना छान हिरवे कोंब आले होते. दुसरीतले नुसते मख्ख पडून. आता ज्याला कोंब आला तो जिवंत, आणि जिवंत तोच कुंडीत जाणार, हे कुणीही सांगेल. बारा निवडले, बारा कुंड्यांत लावले, आणि ती मख्ख पिशवी स्वयंपाकघरातल्या कांद्यांच्या टोपलीत रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी मंगलाबाई विळी सोडून बाहेर आल्या.

"साहेब, हा कसला कांदा हो? चिरताना डोळ्याला पाणी नाय. आन् हाताला खाज सुटली."

"नवीन जात असेल," मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो. "नको असेल तर टाका आणि बाजारातून आणा."

कांद्याच्या जिल्ह्यात, घरात कांदे असताना, कांदा विकत आणायला सांगणारा मी पहिलाच असेन.

इकडे माझ्या कुंड्या तरारल्या होत्या. रोज सकाळी चहा घेऊन मी त्यांच्यापाशी बसायचो. खोटं कशाला सांगू, गप्पाही मारायचो. कचेरीतल्या बढत्या-बदल्यांच्या इतक्या जुन्या गोष्टी दुसरं कुणी ऐकूनही घेत नाही. मार्च लागला आणि सरळसोट पोकळ दांड्यांवर गोल चेंडू उमलले. लाल नव्हे, पांढरेशुभ्र. आणि मेची वाट न बघता मार्चमध्येच.

दुसऱ्या एखाद्याला इथे शंका आली असती. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

इंदिरेला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर मी दिवाणखान्यातून हलायचोच नाही. "बाग दाखवा की," ती म्हणायची. "तिकडे रेंज नाही," मी सांगायचो. कॉलनीला मात्र बोलावून बोलावून दाखवलं. सगळे हरखले. शेवटी प्राध्यापक शामसुंदर आले. हे कॉलनीच्या पुष्पस्पर्धेचे कायमचे परीक्षक, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी फुलाजवळ नाक नेलं आणि डोळे मिटले.

"गंध किंचित उग्र आहे," ते म्हणाले. "पण मातीशी इमान राखणारा. कुळ शोधावं लागेल. अत्यंत दुर्मिळ प्रकार आहे हा. याला नाव द्या."

मी क्षणाचाही विचार केला नाही. द्वारका चौकातल्या एका पेंटरकडून सुबक पाटी रंगवून आणली आणि कुंड्यांपुढे लावली. 'शुभ्र इंदिरा'.

स्पर्धेच्या दिवशी साठेक माणसं आमच्या अंगणात जमली. प्राध्यापकांच्या हातात प्रमाणपत्र होतं, 'दुर्मिळ पुष्प, प्रथम क्रमांक'. ते शुभ्र इंदिरेच्या नाजूकपणावर बोलत होते, तेवढ्यात फाटकातून गोरक्ष आला. हा इंदिरेचा चुलतभाऊ, सटाण्याला कांद्याचीच शेती. ट्रॅक्टरचं काहीतरी काम घेऊन शहरात आला की आमच्याकडे कांद्याचं एक पोतं टाकून जातो. खांद्यावरचं पोतं खाली ठेवून तो कुंड्यांपाशी वाकला आणि मनापासून खूश झाला.

"दाजी, माल लय भारी शे! बियाण्याला धरला का कांदा?"

साठेक माना कुंड्यांकडे वळल्या.

"कोणता कांदा?" प्राध्यापकांनी विचारलं.

"हाच की. आपला उन्हाळी गावठी. कांदा तसाच ठेवला की वर असा डेंगळा येतो, त्यात बी धरतं." गोरक्षने एक पात मोडली, हातावर चुरडली आणि प्राध्यापकांच्या नाकाशी धरली. "घ्या वास."

प्राध्यापकांनी घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते पातीमुळे की कशामुळे, मला ठाऊक नाही. नाशिकमध्ये आयुष्य काढलेली आम्ही साठ माणसं, रोज कांदा खाणारी, आणि एकानेही त्याचं फूल पाहिलेलं नव्हतं. बक्षीस जाहीर झालेलं असल्यामुळे प्राध्यापकांनी खिशातून पेन काढून 'दुर्मिळ पुष्प' खोडलं, वर 'परसबाग' लिहिलं आणि प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं. दहा मिनिटांत कॉलनीच्या ग्रुपवर पाटीचा फोटो आला. खाली कुणीतरी विचारलं होतं, शुभ्र इंदिरा किलोला काय भाव?

माझं तिकडे लक्ष नव्हतं. कांदे कुंडीत होते, तर कंद कुठे होते?

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. "मंगलाबाई, ते खाज सुटणारे कांदे कुठे टाकलेत?"

त्यांनी कणीक मळायची थांबवली नाही. "ताईंना इचारा."

तिच्या आईची ती एवढीच गोष्ट उरली होती, आणि ती मी कांद्यांच्या टोपलीत ओतली होती. हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. गोरक्षच्या आधी आपणच सांगावं म्हणून मी फोन लावला आणि एका दमात सगळं कबूल केलं. पलीकडे आधी खुसखुस. मग हसणं. मग इतकं हसणं, की मागे नातवंड जागं होऊन रडायला लागलं.

"मला त्याच दिवशी कळलं," इंदिरा म्हणाली. "मंगलाबाईंनी फोटो पाठवला होता. एक चिरला गेला, बाकीचे अकरा गच्चीवर टाकीमागे आहेत. त्यांनी लावलेत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. पण मंगलाबाई तुमचेही फोटो पाठवायच्या. सकाळी चहा घेऊन कांद्यांशी बोलताना. छत्तीस वर्षांत इतका वेळ तुम्ही कुणाशी बोलला नाहीत हो. माझ्याने मोडवेना."

"आणि ती पाटी?"

"पाहिली," ती म्हणाली. "कांद्याला का होईना, तुम्हाला माझं नाव सुचलं."

आता सांगायला हरकत नाही, मला भरून आलं. हीच वेळ आहे असं वाटून मी हळूच बागेचा विषय काढला.

"दोन कुंड्या तुमच्या," ती म्हणाली. "पण त्यांत काय लावायचं ते गोरक्ष ठरवेल."

यंदा लसूण ठरला आहे.