बब्रुवान डिप्लोमा

पंगत उठली की शहाणी माणसं विडा शोधतात, चपला शोधतात, निदान आडवं व्हायला सावली तरी शोधतात. आमचा बब्रुवान उष्ट्या पत्रावळी वाचायचा. होय, वाचायचा! गुडघ्यांवर हात ठेवून, कमरेत वाकून तो रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि मध्येच खिशातली वही काढून काहीबाही टिपायचा. बाहेरची कुत्रीसुद्धा याचं कधी संपतंय म्हणून ताटकळत बसायची. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याची अंगठी पडली असेल. म्हणून मीही वाकून शोधायला लागलो.

"काय हरवलं रे?" मी विचारलं.

"हरवलं काही नाही, गुरुजी. रिपोर्ट बघतोय. ह्या रांगेत भात उरलाय, वरण नाही. म्हणजे वरणवाला पुढं पळाला. आणि इथं बसलेल्या म्हाताऱ्यानं पोळीचे काठ तेवढे ठेवलेत. दात नसणार. त्यांना मऊ पोळी बघून द्यायला पाहिजे होती. चुकलंच आपलं."

ते लग्न त्याच्या घरचं नव्हतं, त्याच्या भावकीतलं नव्हतं आणि कुणी त्याला काही बघायलाही सांगितलं नव्हतं. तरी 'चुकलंच आपलं' म्हणून हा तोंड पाडून उभा!

मी उमरग्याच्या शाळेत मास्तर. बब्रुवान आणि त्याचे वडील निवृत्तीदादा माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचे. दादांची गावाबाहेर थोडी शेती, दोन बैलं. बायको लवकर गेली. मुलगा हा एकच. निजामाचं राज्य होतं तोवर आमच्याकडं मोठं शिकायचं म्हणजे हैदराबाद. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि पोरं मुंबईचं नाव काढू लागली. बब्रुवान मॅट्रिक झाला आणि मुंबईत हॉटेलचं शास्त्र शिकवणारं एक नवं विद्यालय निघालं होतं, तिथं जाऊन बसला. हॉटेलचं शास्त्र असतं हे आम्हाला तेव्हाच कळलं. आमच्याकडं हॉटेल म्हणजे भजी आणि बाकडं.

पण दादांनी 'काय शिकतोस' असं कधी विचारलंच नाही. ते बाजारात सांगायचे, "पोरगं ममईला लई मोठं शिकतंय." मग बाजारानंच त्याला बढत्या दिल्या. पहिल्या वर्षी तलाठी, दुसऱ्या वर्षी मामलेदार. तिसऱ्या वर्षी तो कलेक्टर होण्याच्या बेतात असताना डिप्लोमा घेऊन गावी परतला, आणि परतला तो नेमका बाजाराच्या दिवशी.

"कशात पास झालास रं?" भर बाजारात, दादांच्या समोर एकानं विचारलं.

बब्रुवानला खोटं बोलता यायचं नाही. तो म्हणाला, "स्वयंपाक, वाढणं आणि पाहुण्यांची सरबराई."

"आरं, मग आमची म्हातारी डिप्लोमा न घेता चाळीस वर्षं त्येच करतीय की!"

बाजार असा हसला म्हणता! दादा मात्र हसले नाहीत. पिशवी उचलली आणि घरी गेले. त्या दिवसापासून दादा मुलाशी बोलायचे बंद झाले. दीड वर्ष! एका छपराखाली, एका चुलीवरचं जेवून, दीड वर्ष एक अक्षर नाही. गावानं मात्र त्याचं नाव पक्कं केलं, बब्रुवान डिप्लोमा.

दादांना काही सांगायचं असलं की ते मला हाक मारायचे. बब्रुवान हाताच्या अंतरावर उभा असायचा आणि दादा भिंतीवरून मला सांगायचे, "गुरुजी, त्येला सांगा, बैलांस्नी पाणी दावायचं ऱ्हायलंय." मग मी म्हणायचो, "बब्रुवान, बैलांना पाणी दाखव." मग तो म्हणायचा, "दाखवलंय म्हणून सांगा." मी सांगायचो. शाळेत दिवसभर घसा कोरडा करून यायचं आणि घरी ही आणखी एक नोकरी. एकदा मी वैतागून म्हणालो, "दादा, तो ऐकतोय की!" तर म्हणाले, "कोन? मला तर कोन दिसंना."

पोरगं मुंबईला होतं तोवर दादांचं ताट आमच्याकडून जायचं; आता घरी स्वयंपाक बब्रुवानच करायचा आणि दादा तो मुकाट जेवायचे. एकदा त्याची ती वही मी सहज चाळली आणि हसायचा थांबलो. शेवटची काही पानं लग्नांची होती, पण त्याआधीची सगळी पानं एकाच माणसाची. 'दादा. अर्धी भाकरी ठेवली. दाढ दुखत असावी.' 'दादा. कढी संपवली, वाटी दोनदा पुसली.' 'दादा. काहीच खाल्लं नाही. आज आईची तिथी.'

"बोलत नाहीत ना," तो म्हणाला. "मग ताटावरून कळून घेतो."

त्याला गाव सोडायचं नव्हतं ते याच्यासाठी. पण मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलातून पत्र आलं होतं, महिनाअखेर हजर व्हा म्हणून. त्याच सुमाराला माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं लग्न ठरलं. बब्रुवान माझ्याकडं आला. म्हणाला, "गुरुजी, हे लग्न मला द्या. दादा शेजारून बघतील. बघून एक शब्द जरी बोलले तर मी इथंच राहतो, हाच धंदा इथं करतो. नाही बोलले तर मुंबई." आता याला नाही कसं म्हणायचं? वडील वारलेले, लग्न माझ्या डोक्यावर, आणि त्यात मी या डिप्लोम्याच्या हाती सगळं सोपवलं. आई म्हणाली, "तुलाच नवरी मिळाली नसती तर बरं झालं असतं." तिच्या म्हणण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

स्वयंपाकाला त्यानं दोन आचारी लावले आणि वाढपी म्हणून तालमीतले आठ पैलवान धरले. "ह्यांना बादलीचं ओझं होत नाही," हा त्याचा हिशेब. आठवडाभर शाळेच्या मैदानावर रिकाम्या पत्रावळी मांडून हे आठ भीम पाण्याच्या बादल्या घेऊन वाढायचा सराव करत होते. "मान नाही, कंबर वाकवा! तुपाची धार करंगळीएवढी! पाहुण्याच्या डोक्यावर घाम पाडायचा नाही!" हेडमास्तरांना वाटलं, मी कवायतीचा नवा प्रकार काढला. आणि काहीही बिघडलं की त्याचं एकच वाक्य, "पाहुण्याला कळता कामा नये." दूध नासलं, कळता कामा नये. पैलवान बादलीसकट पडला, कळता कामा नये.

लग्न गोरज मुहूर्तावर. वऱ्हाड सोलापूरहून बसनं सकाळी दहाला यायचं होतं. स्वयंपाक तयार, पैलवान टोप्या घालून उभे, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. अकरा वाजले आणि आमच्या गावचे ट्रकवाले दस्तगीरभाई धुळीनं पांढरे होऊन मांडवात आले.

"गुरुजी, तुम्हारा वऱ्हाड तो नळदुर्ग के इधरीच अटक्या है! बस का पाटा टूट गया. नवरे का बाप लई गरम है. बोला, एक-दोन घंटे में कुछ नहीं हुआ तो वापस सोलापूर."

मी आईला हाक मारायला वळलो. बब्रुवान मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाला, "घाबरू नका, गुरुजी. पाहुण्याला कळता कामा नये."

"अरे काय कळता कामा नये, गाढवा? बस त्यांचीच मोडलीय!"

पण तो कुठला ऐकतोय! पाच मिनिटांत दस्तगीरभाईंच्या ट्रकमध्ये भाताची हंडी, वरणाचं पातेलं, बुंदीच्या पराती, पोळ्यांच्या टोपल्या, तूप, पत्रावळी, पाण्याची पिंपं, जाजमं, दोन्ही आचारी आणि आठ पैलवान चढले. दस्तगीरभाईंनी ओळखीच्या गॅरेजातून बसच्या स्प्रिंगचा नवा पाटा उचलला. मी हंडीला मिठी मारून मागं बसलो.

वऱ्हाड एका लिंबाखाली बसलं होतं. बायका घामेजलेल्या, लेकरं रडून दमलेली. नवऱ्याचे वडील एकटेच उन्हात उभे होते. राग आलेल्या माणसाला सावलीत बसता येत नाही. पैलवानांनी जाजमं पसरली, हातपाय धुवायला पाणी दिलं, आणि बब्रुवाननं पहिली पत्रावळ मांडली ती बसच्या ड्रायव्हरपुढं!

"अहो!" व्याही कडाडले. "वऱ्हाडी आम्ही का तो?"

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, मोडलं लग्न.

"मामा," बब्रुवान हात जोडून म्हणाला, "तुम्ही जेवलात की तुम्हाला झोप येईल. हा जेवला की पान्हा धरील. सकाळपासून उपाशीपोटी गाडीखाली पडलाय."

व्याह्यांनी वळून पाहिलं. मग ड्रायव्हरच्या काळ्या हातांकडं त्यांचं लक्ष गेलं असावं. म्हणाले, "त्याला बुंदी जास्त वाढा." आणि स्वतः जाजमावर मांडी घातली. पुढं काय सांगू! सोलापूर–हैदराबाद रस्त्याच्या कडेला अशी पंगत पुन्हा झाली नसेल. जाणारे ट्रक थांबून बघत होते. पैलवान करंगळीएवढी धार धरून तूप वाढत होते आणि म्हाताऱ्यांना मऊ पोळ्या निवडून देत होते. व्याह्यांनी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा मी पहिल्यांदा श्वास सोडला. गाडीखालून ठोकल्याचा आवाज येत होता, आणि तीनच्या सुमाराला बस सुरू झाली.

परत येताना मी ट्रकमध्ये आनंदानं बडबडत होतो. बब्रुवान भांडी मोजत होता. वाटेत त्यानं रिकाम्या हंडीत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"गुरुजी, संध्याकाळची पंगत."

"मग?"

"सगळं अन्न इथं संपलं. दोन्ही आचारी इथं. तिकडं चुलीवर काहीच नाही. सगळं गाव जेवायला येणार आणि आपण पोचणार पाच वाजता." त्यानं हंडीवर झाकण ठेवलं. "दादा बघत असतील."

या वेळी 'पाहुण्याला कळता कामा नये' हे वाक्यही त्याला सुचलं नाही. तो हंडीला टेकून बसला आणि उमरगा येईपर्यंत उठला नाही. मला त्याचा रागही येईना. सकाळी ज्यानं माझ्या बहिणीचं लग्न वाचवलं, त्याचंच सगळं बुडताना बघायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मांडवाजवळ उतरलो तर मागच्या बाजूनं धूर निघत होता. आम्ही पळतच गेलो. दोन चुली पेटलेल्या. एकीवर भाताचं आधण, दुसरीवर वरणाचं मोठं पातेलं. बाजूला दादांची बैलगाडी, तिच्यात त्यांच्या घरची तूरडाळ, तांदळाचं पोतं आणि जळण. आणि धोतराचा काचा मारून, डोळ्यांतलं पाणी कोपरानं पुसत निवृत्तीदादा हातभर लांब पळीनं वरण ढवळत होते. त्यांनी जन्मात कधी चूल पेटवली नव्हती.

आई मला बाजूला ओढून म्हणाली, "मी नुसतं भिंतीवरून रडत सांगितलं रे, की चुलीवर काही नाही. तर गाडी जुंपून आले. म्हणाले, तुमची अब्रू मागनं बघू, आज माज्या पोराचं नाव जाईल."

बब्रुवान चुलीपासून चार पावलांवर थांबला. दादांनी वर पाहिलं. मला सवयीनं वाटलं, आता मला हाक मारणार. मी पुढंही झालो. दादांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांनी पळी भरली, फुंकर घातली आणि मुलापुढं धरली.

"बघ रं, बब्र्या. मीठ बराबर हाय का? मला त्यातलं कळत न्हाय. तू शिकलास."

बब्रुवाननं वरण चाखलं. मग मीही बोट लावून चाखलं. तोंडात धरवेना इतकं खारट!

"बरोबर हाय, दादा," बब्रुवान म्हणाला. त्याला खोटं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दादा पुन्हा ढवळायला लागले. मी उगाच जळण सारखं करत बसलो.

"ममईला जानार हाईस म्हनं," दादा पातेल्यात बघत म्हणाले.

"न्हाय, दादा."

"मग हुबा का ऱ्हायलास? भात बघ."