निर्दोष किटलीची तक्रार

गुरुवारी सकाळी नऊ वाजता बाबांनी किटलीची पाचवी तक्रार नोंदवली. किटलीत काहीही दोष नव्हता. अडचण तीच होती.

निवृत्त हेडक्लार्क बाबा परदेशी लेकीकडे सहा आठवड्यांसाठी आले होते, आणि इंग्रजी बोलायला शिकूनच परतायचं त्यांनी ठरवलं होतं. लेकीच्या मित्रमंडळींत ते मराठीत दहा वाक्यं बोलत; लेक त्यांचं एकच करून सांगे, "बाबा थँक यू म्हणताहेत." येत्या रविवारी तीच मंडळी पुन्हा जेवायला येणार होती. या खेपेला दहाही वाक्यं स्वतःच्या तोंडानं सांगायची, एवढाच बाबांचा हट्ट.

पण सराव करायचा कुणाशी? शेजारी हवामानाच्या पुढे सरकत नसत. वाचनालयातल्या इंग्रजी संभाषणवर्गात प्रवेश हवा, तर आधी इंग्रजीतून तोंडी मुलाखत. लेक म्हणे, "बाबा, आत्ता नको, मीटिंग आहे. आणि मी आहे ना सांगायला!" शेवटी बाबांना शोध लागला, की इथं परक्या माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सक्ती एकाच खात्यावर आहे. तक्रार निवारण.

चाळीस वर्षांच्या नोकरीत बाबांनी एकही खोटा कागद पुढे सरकवला नव्हता. म्हणून त्यांनी फोन करून खरं तेच सांगितलं, की लेकीची किटली उत्तम आहे. कंपनीकडे कौतुकासाठी बटण नव्हतं. कौतुक 'तक्रार, इतर' या सदरात गेलं आणि नियमानुसार तीन दिवसांत नवी किटली आली. ती परत न्या, असं सांगायला बाबांनी फोन केला. ती दुसरी तक्रार ठरली. आणखी एक किटली आली. फोनागणिक बाबांचं इंग्रजी सुधारत गेलं आणि ओट्यावर कपबशी टेकवायला जागा उरली नाही.

"बाबा, दुकान थाटायचंय का?"

"अगं, आज अठरा मिनिटं बोललो! एकदाही अडलो नाही. म्हणून दाखवू?"

"रविवारी ऐकते ना."

शुक्रवारी सकाळी बाबा उठले नाहीत.

पुढच्या आठवड्यात सहावी किटली आली, आणि मागोमाग कंपनीचा फोन. पाच तक्रारी प्रलंबित होत्या. तक्रारदारानं स्वतः 'समाधान झालं' म्हटल्याखेरीज त्या बंद होत नव्हत्या.

"ते वारले," लेक म्हणाली.

"अरेरे. तशी नोंद करते." पलीकडे कीबोर्ड खडखडला. "पण मॅडम, मृत्यू आमच्याकडे असमाधानात धरतात. सातवी किटली निघेल."

"अहो, नको!"

"मग त्यांच्या वतीनं तुम्ही बोला. एक वाक्य पुरे."

एका वाक्यात आटोपण्यात लेकीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी ती ओट्यावरच्या किटल्या मोजू लागली.

"त्यांचे फोन मीच घ्यायचे," पलीकडची बाई जरा हळू बोलली. "छान बोलायचे. किटलीबद्दल दोन मिनिटं, बाकी सगळं तुमच्याबद्दल. तुम्हाला म्हणून दाखवलंच असेल."

लेकीनं खुर्ची ओढली, पण ती बसली नाही.

"फार विचार करू नका, मॅडम. सगळीच मुलं 'ते समाधानी होते' एवढं सांगतात. आम्ही फाइल बंद करतो."

"नव्हते," लेक म्हणाली. मग मोठ्यानं, आपल्या स्वच्छ इंग्रजीत, "मला त्यांच्या इंग्रजीची लाज वाटायची. म्हणून मी त्यांना बोलू दिलं नाही."