चार नंबरच्या खिडकीतून

टेंभरीचं तळं मंगळवारी सकाळी पावणेदहाला 'तलावदर्शन लॉज'मध्ये मुक्कामाला आलं. बुकिंग केलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला वीस मिनिटं व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहावं लागलं. खोली झाडायची होती, दुसरं काही नाही.

काउंटरवर गभणे होते. तहसिलीत एकतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस; रजिस्टरचा एक रकाना रिकामा राहिला तर त्यांना जेवण जात नसे. त्यांनी चष्मा पुसला, पेन झटकलं आणि विचारलं, "नाव?"

"टेंभरीचं तळं."

"पूर्ण नाव सांगा जी."

"एवढंच आहे."

"वय?"

"तीनशे चाळीसच्या आसपास. बांध घातला तेव्हाची नोंद तुमच्या तहसिलीत असेल."

"असेल," गभणे म्हणाले, "पण सापडायची नाही." त्यांनी आकड्याच्या पुढे 'अंदाजे' लिहिलं. "ओळखपत्र?"

तळ्याकडे ओळखपत्र नव्हतं. गभण्यांनी दारातून मान बाहेर काढली. रस्त्यापलीकडे, जिथे रोज तळं असतं तिथे, ओला खड्डा होता आणि चिखलात मासेमारीचे सात डोंगे कलंडून पडले होते. "ठीक आहे," ते परत येऊन म्हणाले, "पटली ओळख. सोबत किती जण?"

इथे जरा वेळ गेला. मासे कुणी मोजलेले नव्हते. पण बारा वर्षांखालच्यांची वेगळी नोंद करायची नाही असा लॉजचा नियम आहे, त्यामुळे मासे सुटले. राहिलं एक कासव. त्याचं वय साठीच्या पुढचं निघालं, तेव्हा ज्येष्ठ नागरिक म्हणून त्याला एक जादा उशी द्यायचं ठरलं.

"कुठून आलात?"

"समोरून."

"कुठे जाणार?"

"ते अजून ठरलं नाही," तळं म्हणालं.

गभण्यांचं पेन तिथेच थांबलं. त्यांनी आत वळून हाक मारली, "नलूताई, जरा इकडं या बरं."

नलूताई कारेमोरे म्हणजे लॉजच्या मालकीणबाई. हातातलं पीठ पदराला पुसत त्या बाहेर आल्या, पाहुण्याला बघितलं आणि सगळ्यांना म्हणतात तेच म्हणाल्या, "या. आमच्याकडे जे आहे ते आहे. खोली बघून घ्या, मग ठरवा."

हे त्या उगाच म्हणत नव्हत्या. त्यांचे यजमान भाऊराव भारी सरळ माणूस. एकोणीस वर्षांपूर्वी लॉज काढलं तेव्हाच त्यांनी प्रत्येक खोलीच्या दारामागे आपल्या हाताने लिहून एकेक कागद चिकटवला होता. पाहुण्याने तो वाचायचा, खाली सही करायची, मगच चावी घ्यायची. एक नंबरच्या कागदावर होतं: 'पंखा तीनवर आवाज करतो. दोनवर करत नाही, पण मग वाराही येत नाही.' दोन नंबरमध्ये: 'नळ आधी खोकतो, मग पाणी येतं. घाबरू नये.' तीन नंबरमध्ये: 'शेजारी पिठाची गिरणी आहे. सात वाजता तुम्हाला कळेलच.' लोक हसत, सही करत आणि राहत. काउंटरच्या खिळ्याला सुतळीने टांगलेली तक्रारवही एकोणीस वर्षांत एकदाही उघडली गेली नव्हती. भाऊराव जाऊन अकरा वर्षं झाली, पण कागद तेच होते. शाई फिकी झाली की नलूताई त्यांच्याच अक्षरांवरून पेन फिरवीत.

चार नंबर ही वरच्या मजल्यावरची, घरातली सगळ्यात चांगली खोली. तिच्या कागदावर दोनच ओळी होत्या: 'गरम पाणी सकाळी सहा ते आठ, तेही आदल्या दिवशी सांगितलं तर. खिडकीतून तळं दिसतं.'

तळं कठड्याला धरून जिना चढलं. त्याने कागद दोनदा वाचला. खाली ओला अंगठा उठवला आणि चावी घेतली. खोली दहा बाय बाराची, तळं पन्नास एकरांचं. पण खोली लहान पडते असं पाहुण्याने म्हटलं नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही.

अर्ध्या तासाने वरून घंटी वाजली. एकदा नाही, तीनदा.

नलूताई गेल्या, तर तळं खिडकीपाशी पडदा बाजूला सारून उभं होतं. कासव उशीवर झोपलं होतं. "बाई," तळं म्हणालं, "कागदावर लिहिलंय, खिडकीतून तळं दिसतं. मला दिसत नाही."

नलूताईंनी बाहेर बघितलं. खड्डा, चिखल, सात डोंगे, आणि दोन गोंधळलेले बगळे.

"आता हे कसं सांगू तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथं आलात म्हणून ते तिथं नाही."

"कारण काहीही असो. दिसत नाही हे खरं ना?"

"खरं आहे."

"मग तक्रारवही द्या."

पंख्याची, नळाची, गिरणीची तक्रार आली असती तर नलूताईंनी मान वर करून ऐकली असती, कारण ते सगळं आधीच लिहिलेलं होतं. पण घरभरच्या सगळ्या कागदांत कौतुकाची म्हणून ही एकच ओळ, ती त्यांच्या माणसाने लिहिलेली, आणि नेमकी तीच खोटी ठरत होती. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. पाहुण्याच्या खोलीत बसायची त्यांची पद्धत नव्हती.

"जरा दम धरा," त्या म्हणाल्या. "मला एवढं सांगा, तुम्ही आलातच कशाला?"

तळं म्हणालं, "एकोणीस वर्षं या खिडकीत लोक येऊन उभे राहतात. नवी लग्नं झालेली, पोराबाळांची, एकटी. माझ्याकडे बघतात आणि 'आहाहा' म्हणतात. कुणी कुणी तर रडतातसुद्धा. मला तिथून फक्त त्यांची तोंडं दिसतात. ते काय बघतात ते मला कधी दिसलंच नाही. म्हटलं, एक दिवस आपणही राहून बघावं."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर दुसरीकडे जाईन. वरच्या अंगाला धरण झालंय म्हणतात, त्याच्या काठालाही लॉज आहेत. तिथे राहीन. माझं नाही तर कुणाचं तरी पाणी खिडकीतून बघायला मिळेल."

म्हणजे रजिस्टरमधला 'कुठे जाणार'चा रकाना रिकामा राहिला तो यामुळे. तळं टेंभरी सोडून जाणार! नलूताई जिना उतरल्या त्या भिंतीला हात लावत.

खाली मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष शेंडे आले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहरा उतरलेला. "गभणेबाबू, तळं तुमच्याकडे आहे म्हणतात. कधी निघणार ते सांगा ना. पोरं सकाळपासून डोंग्यांपाशी बसून आहेत."

"पाहुण्यांची माहिती देता येत नाही," गभणे म्हणाले.

"अहो, आमचं पोट आहे त्याच्यावर!"

"मला समजतंय जी. पण तो नियम आहे." गभण्यांना मनापासून वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी शेंड्यांना स्वतःचा चहा दिला.

नलूताईंनी मग जमेल ते करून बघितलं. आधी ट्रॅक्टरच्या दुकानाचं कॅलेंडर वर नेलं, त्यावर तळ्याचा फोटो होता. तळ्याने निरखून बघितलं. "हे कोण?" त्याने विचारलं. फोटो कुठल्या तरी काश्मिरातल्या तळ्याचा निघाला, मागे बर्फ होतं. मग त्यांनी कपाटाचा आरसा खिडकीशी टेकवून दिला. त्यात तळं दिसलं, पण पलंगही दिसला, आणि पलंगावर पडलेल्या पाण्याला कुणी आहाहा म्हणेना. तळं समजूतदार होतं, त्याने आवाज चढवला नाही. "तुम्ही मेहनत घेताय," ते म्हणालं, "पण दिसत नाही ते नाहीच. वही आणा."

जेवणं झाली. नलूताईंचं जेवण तसंच राहिलं. त्या खिळ्यावरची वही काढून, फुंकर मारून, हातात धरून जिना चढून आल्या, तेव्हा चार नंबरमध्ये सरूबाई फरशी पुसत होती. सरूबाई स्वयंपाकही करते आणि झाडलोटही, आणि दोन्ही करताना बोलत असते. "अशी पाहुणी मंडळी मी बघितली नाही बाई," ती म्हणाली. "किती पुसा, खाली ओलंच. ही बघा, बादली भरली नुसती पिळून पिळून."

नलूताई थांबल्या. त्यांनी बादलीत बघितलं, मग तळ्याकडे बघितलं.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "बादलीत आहे ते कोण?"

"मीच," तळं म्हणालं.

"आणि पलंगावर?"

"मीच."

"म्हणजे बादलीभर जरी इथं राहिलात, तरी मुक्कामाला तुम्हीच राहिलात असं होईल का?"

तळ्याने विचार केला. तीनशे चाळीस वर्षांचं असल्याने त्याला विचार करायला वेळ लागतो. सरूबाईसुद्धा गप्प बसली, यावरून काय ते समजा.

"होईल," तळं म्हणालं.

नियमाचं बघायला गभण्यांना वर बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पाहुणे बॅग खोलीत ठेवून फिरायला जातात," ते म्हणाले, "तेव्हा आपण त्यांना गेले असं धरत नाही. चावी खोलीत राहील, मुक्काम चालू राहील. फक्त बादली चिखलाची नको. स्वच्छ घ्या."

न्हाणीघरातली निळी बादली घासून आणली. तळ्याने तिच्यात स्वतःचं बादलीभर पाणी ठेवलं, कासवाला उठवलं आणि बाकीचं सगळं जिना उतरून रस्ता ओलांडून समोर गेलं. चिखलातले डोंगे एकेक करून उभे राहिले. शेंड्यांची आरोळी वरपर्यंत ऐकू आली. बगळे मात्र जरा वेळ लांबच थांबले.

नलूताईंनी बादली खुर्चीवर ठेवली, पण खिडकीची कड उंच पडली. खाली दोन पाट घातले. तरी बादली कलेल म्हणून त्या दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि कडी हातात धरून ठेवली.

साडेचार वाजले होते. उन्हं पलीकडच्या काठावरच्या मोहाच्या झाडांवर होती आणि पाण्यावर एवढासा वारा होता.

"ते मी?" बादलीने विचारलं.

"तुम्हीच."

"एवढं?"

"एवढं."

"ते हलतंय, चमचमतंय, तेही मीच?"

"तेही तुम्हीच. तिकडं काळपट दिसतंय ना, ते शेवाळ आहे. आणि बांधाशी लोकांनी प्लास्टिक टाकलंय." नलूताई खोटं बोलत नसत, त्यामुळे हेही सांगावं लागलं.

"दिसतंय," बादली म्हणाली. "तरी पण."

"हो. तरी पण."

मग कितीतरी वेळ दोघं बघत राहिली. एक डोंगा निघाला, त्याच्यामागे पाण्यावर लांब रेघ उठली आणि काठापर्यंत येऊन विरली. बादलीतलं पाणी त्याच वेळी थोडंसं हललं.

"बाई," बादलीने हळूच विचारलं, "तुम्ही रडताय का?"

"मी इथून हे इतक्या वर्षांत बघितलंच नव्हतं हो," नलूताई म्हणाल्या. "लॉज काढलं तेव्हा आम्ही दोघं इथं बसायचो. ते गेले, आणि मी मागच्या खोलीत राहायला गेले, स्वयंपाकघराशेजारी. ही खोली पाहुण्यांची. अकरा वर्षं दर पाहुण्याला सांगते, खिडकीतून तळं दिसतं. स्वतः कधी बघायला आले नाही. ते लिहून गेलेत म्हणजे अजून खरंच असणार, एवढ्यावर सांगत राहिले."

"आणि आहे का खरं?"

"आहे की," नलूताई म्हणाल्या, आणि रडता रडता हसल्या. "चांगलंच खरं आहे. आहाहा!"

ते 'आहाहा' समोरच्या पाण्यालाही ऐकू गेलं असावं, कारण काठावर एक लाट जरा जोरात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गभण्यांनी दारावर टकटक करून गरम पाणी हवं का विचारलं. बादलीने घाईघाईने नको म्हणून सांगितलं. दहा वाजता, खोली सोडायच्या वेळेला, नलूताई तिला खाली घेऊन आल्या. तक्रारवही काउंटरवरच होती. गभण्यांनी तिच्याकडे एकदा आणि बादलीकडे एकदा बघितलं.

"काही लिहायचं आहे?"

"नाही," बादली म्हणाली. "ती जागेवर लावा."

गभण्यांनी वही सुतळीने खिळ्याला बांधली. मग रजिस्टर ओढलं, कालची ओळ काढली. "तेवढा एक रकाना राहिलाय जी. कुठे जाणार?"

"समोर," बादली म्हणाली.

गभण्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात 'समोर' लिहिलं, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

बादली घाटापर्यंत न्यायला शेंडे पुढे आले होते, पण नलूताईंनी दिली नाही. जड होती, दोनदा खाली ठेवावी लागली. शेवटच्या पायरीवर त्या वाकल्या तेव्हा बादली म्हणाली, "तिथं सगळे विचारतील मला. काय सांगू?"

"जे आहे ते," नलूताई म्हणाल्या आणि त्यांनी बादली ओतली. तळं काठोकाठ थरथरलं आणि पलीकडच्या मोहांपर्यंत शांत झालं. आतून कासवाने डोकं वर काढून बघितलं आणि परत गेलं.

घरी आल्यावर नलूताईंनी पेन घेतलं आणि त्या चार नंबरमध्ये गेल्या. दारामागच्या कागदावर भाऊरावांची तळ्याची ओळ होती तशीच ठेवली. तिच्याखाली आपल्या अक्षरात एक ओळ घातली: 'तळं स्वतः मुक्कामाला असेल त्या दिवशी दिसत नाही. तेव्हा बादली मागावी.' मग चष्मा लावून दोन्ही ओळी पहिल्यापासून वाचल्या. दोन्ही खऱ्या होत्या. खोलीला दुपारपर्यंत पाहुणा नव्हता, म्हणून त्यांनी सरूबाईला चहा वरच आणायला सांगितला.